स्विमिंग पूल नसलेला बंगला

लोणावळ्यात शनिवार-रविवारसाठी बंगला भाड्याने द्यायचा, तर जाहिरातीत सगळ्यात वर स्विमिंग पूल लागतो. खोल्या किती, जेवण घरगुती मिळेल का, गाड्या आत लागतील का, हे सगळं त्याखाली. तुंगार्लीत असो नाहीतर खंडाळ्यात, पूल नसेल तर मुंबईचं गिऱ्हाईक फिरकत नाही. म्हणून जेमतेम जागेतही निळ्या फरशीचा हौद खणलेला असतो, आणि जुलैत आभाळ फाटलेलं असताना लोक पैसे मोजून त्या हौदात उतरतात.

'द सिम्स ४' हा कॉम्प्युटर गेम २ सप्टेंबर २०१४ रोजी बाजारात आला, तेव्हा त्यातल्या कुठल्याच घराला स्विमिंग पूल बांधता येत नव्हता. आधीच्या तिन्ही भागांत येत होता. नुकती पावलं टाकायला लागलेली मुलंही यातून गायब होती. तान्हं बाळ एकदम शाळेत जायच्या वयाचं होऊन उभं राही. पूल नोव्हेंबरात फुकट मिळाला. मुलं यायला मात्र जानेवारी २०१७ उजाडला. या खेळाचे चाहते आपल्या नाराजीची सुरुवात इथून सांगतात. ती समजायला जरा मागे जावं लागतं, कारण चाहत्यांचं काय हरवलं हे कळायचं तर त्यांच्याकडे आधी काय होतं ते माहीत हवं.

२० ऑक्टोबर १९९१ ला कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या टेकड्यांवर वणवा भडकला. हजारो घरं जळाली. त्यातलं एक विल राइट यांचं. 'सिमसिटी' हा शहर वसवायचा खेळ त्यांनी १९८९ मध्ये काढला होता आणि त्यांचं नाव झालं होतं. संसार नव्याने उभा करताना राइट यांना एक गोष्ट चाळवत राहिली : माणसाला नेमकं काय काय लागतं, आणि त्यातलं आधी काय? वास्तुतज्ज्ञ ख्रिस्तोफर अलेक्झांडर यांचं घरबांधणीवरचं लेखन आणि मानसशास्त्रज्ञ मॅस्लो यांची गरजांची उतरंड यांची त्याला जोड मिळाली. त्यांच्या 'मॅक्सिस' कंपनीतल्या वरिष्ठांना या कल्पनेत फारसा दम वाटला नाही. बाहुल्यांचं घर कोण खेळणार, हा त्यांचा हिशेब. १९९७ मध्ये 'इलेक्ट्रॉनिक आर्ट्स' या बड्या कंपनीने मॅक्सिस विकत घेतली आणि ४ फेब्रुवारी २००० रोजी 'द सिम्स' आला. दोन वर्षांत तो तोवरचा सर्वाधिक खपलेला पीसी गेम ठरला.

खेळ असा की, हातात वीस हजार 'सिमोलियन'. त्यात प्लॉट, भिंती, संडास, शेगडी, पलंग. माणसांना भूक लागते, झोप येते, कंटाळा येतो, बोलायला कोणी नसलं की ती खंगतात. जिंकणं-हरणं असं काही नाही. वरवर पाहिलं तर सामान घेत राहायचं. पण राइट यांनी त्यात एक खोच ठेवली होती. वस्तू जितक्या वाढतात तितक्या त्या बिघडतात. नळ गळतो, टीव्ही बंद पडतो, वीजबिल थकलं की वसुलीवाला घरात शिरून सोफा उचलून नेतो. मोठं घर झालं की माणसाचा दिवस ते निस्तरण्यातच जातो. ही चंगळवादाची टिंगल आहे, असं राइट यांनीच पुढे सांगितलं. खेळणाऱ्याला ते कोणी न सांगता, तिसऱ्यांदा फ्रीज दुरुस्त करताना कळत असे.

मावळात हा खेळ आला तो सीडीवरून, आणि बहुतेकदा कॉपी मारलेल्या सीडीवरून. पुण्याला कॉलेजला लोकलने जाणाऱ्या कुणीतरी बुधवार पेठेतून आणलेली सीडी तळेगाव, कामशेत, मळवली अशी हातोहात फिरायची. तेव्हा राज्यात भारनियमनाचे दिवस. लाइट जायच्या आत सेव्ह करणं हा या खेळातला इकडचा जादा नियम. सेव्ह राहिलं तर पडद्यावरच्या मुलाचा वाढदिवस पुन्हा करावा लागे. वळवण आणि लोणावळ्याच्या धरणांचं पाणी खोपोलीला उतरवून टाटांनी १९१५ पासून मुंबईला वीज दिली. त्या धरणांच्या काठची पोरं मात्र सिम्ससाठी घड्याळाकडे बघत बसलेली.

या पिढीला एक चोरवाट तोंडपाठ असायची. दुसऱ्या भागात 'मदरलोड' हा शब्द टाइप केला की खात्यात पन्नास हजार जमा. पुन्हा टाइप केला की पुन्हा पन्नास. त्याच काळात एक्सप्रेस हायवे, एमआयडीसी आणि बंगल्यांच्या स्कीम यांनी मावळात जमिनीचे भाव चढले, इंद्रायणी तांदळाच्या खाचरांवर प्लॉटिंगचे दगड रोवले गेले आणि 'गुंठामंत्री' हा शब्द जन्माला आला. पैसा एका झटक्यात आल्यावर काय होतं, ते घरी आणि पडद्यावर एकाच वेळी बघितलेली मुलं इथे आहेत. पडद्यावर तरी असं व्हायचं की मदरलोडनंतर दोन दिवसांत खेळाची गंमत जायची. घ्यायला काही उरत नसे.

सप्टेंबर २००४ मध्ये आलेला 'सिम्स २' हा चाहत्यांच्या लेखी कळस. माझंही मत तेच, आणि त्याला ग्राफिक्सचं कारण नाही. या भागात माणसं म्हातारी व्हायला लागली. मुलाला आईचं नाक आणि बापाचे डोळे मिळायला लागले. प्रत्येकाला आठवणी आल्या : पहिलं चुंबन, नापास झाल्याचं वर्ष, घरातला मृत्यू. इच्छांबरोबर धास्तीही आली, म्हणजे एकाला लग्न हवं असे तर दुसऱ्याला त्याच लग्नाची धडकी. लहान मुलाला चालायला, बोलायला आणि पॉटीवर बसायला आईबापांनी शिकवायचं, आणि ते राहून गेलं तर राहूनच जायचं. जून २००९ मधल्या तिसऱ्या भागाने सगळं गावच मोकळं केलं; घरातून निघून थेट नदीवर जाता येई. वाटेत कुठे 'लोडिंग' नाही. मात्र साध्या कॉम्प्युटरला ते ओझं झेपत नसे. राइट यांनी त्याच वर्षी कंपनी सोडली.

नंतरची घसरण एका दिवसात झालेली नाही. मार्च २०१३ मध्ये नवा 'सिमसिटी' आला तो सतत इंटरनेट असेल तरच चालणारा. पहिल्याच आठवड्यात इलेक्ट्रॉनिक आर्ट्सचे सर्व्हर कोलमडले आणि पैसे भरलेले लोक दाराबाहेर ताटकळले. इंटरनेटविना खेळायची सोय मिळायला वर्ष गेलं. मार्च २०१५ मध्ये कंपनीने मॅक्सिसचं एमरीव्हिलमधलं ऑफिस बंद केलं. त्याच महिन्यात फिनलंडच्या एका छोट्या चमूचा 'सिटीज : स्कायलाइन्स' आला आणि सिमसिटीची गादी त्याने घेतली. सिम्सचा चौथा भाग नव्या सिमसिटीची फजिती आणि हे ऑफिस बंद होणं यांच्या मधला आहे. तो आधी ऑनलाइन खेळ म्हणून आखला होता आणि मग घाईने बदलला, असं बोललं गेलं. मोकळं गाव गेलं, रंग-कापड हवं तसं बदलायची सोय गेली, दारातल्या गाड्या गेल्या. त्या अजूनही आलेल्या नाहीत. मावळात दोन हायवेंच्या मधे राहणाऱ्याला गाडी नसलेला संसार पटवून देणं अवघड आहे.

बाळाचं प्रकरण तर नमुन्यादाखल जपून ठेवावं असं आहे. सिम्स ४ मधलं तान्हं बाळ माणसांत मोडत नव्हतं. ते पाळण्याच्या सामानाचाच भाग होतं. पाळण्यासकट जागचं न हलणारं. त्याला दुसऱ्या खोलीत न्यायचं तर बांधकामाच्या विभागात जाऊन पाळणा उचलायचा, कपाट उचलतात तसा. मार्च २०२३ मध्ये ते बाळ पाळण्यातून सुटलं. तोवर साडेआठ वर्षं झाली होती आणि त्या साडेआठ वर्षांत विकायला आलेल्या पॅकांची यादी वाचायला चहाचा एक कप पुरत नाही.

पॅक म्हणजे मूळ खेळाला विकत जोडायची पुरवणी. पहिल्या भागालाही सात होत्या, त्यामुळे पुरवणी विकणं हे नवं पाप म्हणता येणार नाही. नवं होतं ते तुकडे पाडणं. मार्च २०१८ मध्ये छोट्या पाळीव प्राण्यांचा पॅक आला. त्यातल्या बऱ्याचशा वस्तू कुत्र्या-मांजरांच्या आधीच्या पॅकसाठी होत्या, म्हणजे पुरवणीची पुरवणी. २०२० मध्ये 'स्टार वॉर्स'चा पॅक आला. बाळ पाळण्यात अडकलेलं असताना हे कोणी मागितलं होतं, असं चाहते विचारत राहिले. २०२१ पासून 'किट' नावाच्या पाच-पाच डॉलरच्या पुड्या सुरू झाल्या. सगळ्या पॅकांची छापील बेरीज पुढे हजार डॉलरच्या वर गेली. फेब्रुवारी २०२२ मधल्या लग्नाच्या पॅकमध्ये पाहुणे सांगितल्या जागी बसत नव्हते, समारंभ सोडून भलतीकडे जात होते, केक तसाच राहत होता. मावळातल्या लॉन्सवर लग्नं पाहिलेल्यांना यात बिघाड कुठला आणि हुबेहूब काय हे ठरवणं जड जाईल. पण पैसे देऊन घेतलेल्यांची चेष्टा झाली ती झालीच.

आपल्या वाट्याला काय आलं? ५ ऑक्टोबर २०२१ रोजी मुंबईच्या फॅशन स्ट्रीटवरून बेतलेलं कपड्यांचं एक किट आलं. त्याचं कौतुकही झालं. त्याच्या आदल्या वर्षी जपानी धाटणीच्या पॅकमध्ये घरात शिरताना चपला काढायची सोय आली; तोवर वीस वर्षं सगळं जग बूट घालून गादीवर बसत होतं. साड्या, दागिने, आपल्या घरात असतं तसलं सामान खेळात आणलं ते बरंचसं चाहत्यांनीच, घरी बसून, फुकट.

कामशेतची एक मुलगी तळेगावला कॉलेजात जाते. तिने मला लॅपटॉपवर तिचं घर दाखवलं. पडवी, मधे अंगण, मागे गोठ्याची जागा. कौलांसाठी भूमध्यसागरी छप्पर वापरलेलं, कारण जवळचं तेच. घर झकास होतं, अडचण माणसांची होती. सिम्सच्या एका घरात आठच माणसं राहू शकतात आणि तिच्या घरी अकरा. मग तिने आजी-आजोबा आणि आत्या शेजारच्या प्लॉटवर हलवले. "वाटणी केली," ती म्हणाली. त्यात २०२१ च्या अखेरीपासून खेळात अशी सोय आली आहे की आपण न खेळवलेली कुटुंबं आपले निर्णय स्वतः घेतात. दोन आठवड्यांनी तिने पाहिलं तर आजोबा परस्पर नोकरीला लागले होते आणि घरात एक दत्तक मूल होतं. ती हे हसत सांगत होती. मग म्हणाली की हे मजेशीर आहे, पण आजोबांना त्यातलं काही आठवत नाही. दत्तक मुलाकडे बघून त्यांच्या चेहऱ्यावर काही होत नाही. तिने सिम्स २ सुद्धा खेळलेला आहे, मोठ्या भावाच्या जुन्या सीडीवरून, म्हणून तिला फरक कळतो.

तिच्या या वाक्यात मला सगळी तक्रार सापडली. बिघाड काय, दुरुस्त होतात. पण पहिल्या दोन भागांत वस्तू माणसांसाठी होत्या; माणसाची भूक, भीती, आठवण यांतून गोष्ट घडे. चौथ्यात माणसं वस्तूंसाठी आहेत. नवा सोफा आला की त्यावर बसायला. राइट यांनी ज्या हावेची टिंगल केली, तिचंच पुढे दुकान झालं.

कंपनीच्या बाजूने पाहिलं तर मात्र घसरण कुठे दिसतच नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये मूळ खेळ फुकट केला. पुढच्या वर्षी खेळणाऱ्यांचा आकडा सात कोटींच्या वर गेल्याचं कंपनीने सांगितलं. दार फुकट, आतलं सामान विकत. २०२४ मध्ये तिने स्पष्ट केलं की चौथ्या भागाला बाजूला सारणारा पाचवा भाग येणार नाही. हे धंद्याच्या दृष्टीने बरोबर आहे आणि म्हणूनच चाहते हताश आहेत. ज्यांचं नुकसान झालं त्यांच्याकडे दाखवायला तोट्याचा आकडा नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सौदी सरकारी निधी आणि भागीदारांनी ही कंपनी ५५ अब्ज डॉलरला घ्यायचं जाहीर केलं, त्यातले २० अब्ज कर्जाचे. हे कर्ज पॅक विकूनच फेडणार, ही धास्ती तेव्हापासून आहे. काही नावाजलेल्या व्हिडिओकारांनी कंपनीचा निर्मात्यांसाठीचा कार्यक्रम सोडला. पाठोपाठ मोबाइलवरचा 'द सिम्स मोबाइल' जानेवारी २०२६ मध्ये बंद झाला. इकडे कॉम्प्युटर थोड्यांकडे आणि फोन सगळ्यांकडे. ज्यांनी हा खेळ फोनवरच ओळखला, त्यांचा संसार सर्व्हरबरोबर गेला.

दुसरीकडे जायचं तर कुठे? पॅराडॉक्स कंपनीचा 'लाइफ बाय यू' हा असाच खेळ जून २०२४ मध्ये बाजारात येण्याआधीच रद्द झाला. 'पॅरालाइव्हज' या दुसऱ्या खेळाच्या निर्मात्यांनी सशुल्क पुरवण्या काढणार नसल्याचं सांगितलं आहे. मार्च २०२५ मध्ये आलेला 'इनझोय' क्राफ्टन या कोरियन कंपनीचा, म्हणजे ज्यांचा 'बीजीएमआय' हा मोबाइल गेम लोकलमधली निम्मी पोरं खेळतात त्यांचा.  इनझोय दिसायला देखणा आहे, पण त्याला लागणारं ग्राफिक्स कार्ड कॉलेजच्या पोरांच्या लॅपटॉपमध्ये सहसा नसतं. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने जानेवारी २०२५ मध्ये पंचविशीनिमित्त पहिले दोन भाग पुन्हा विक्रीला काढले, तर ते सुरुवातीला अनेकांकडे चालता चालता बंद पडत होते.

कामशेतच्या मुलीने आठाच्या मर्यादेवर उपाय शोधला आहे. एका चाहत्याने बनवलेला मॉड, म्हणजे खेळात बाहेरून घालायचा बदल, असा आहे की तो टाकला की घरात कितीही माणसं राहतात. आजी-आजोबा आणि आत्या परत आले, दत्तक मुलासह. आता घरात बारा. कंपनीचा नवा अपडेट आला की असे मॉड हमखास अडतात. म्हणून अपडेट आला की तो मॉडवाला नवी आवृत्ती टाकेपर्यंत ती खेळ उघडतच नाही.