चाळणी कुणाच्या हाती?

'लेखकाला श्रमाचा मोबदला मिळू नये काय?' असे विद्यार्थी विचारतात. मिळालाच पाहिजे. श्रम लुबाडले जातात म्हणजे काय, हे आम्हाला कुणी शिकवायला नको. परंतु कॉपीराइटच्या नावाने येणारा प्रत्येक कायदा लेखकासाठीच येतो, हे मी मानीत नाही.

युरोपचेच पाहा. सप्टेंबर २०१६ मध्ये युरोपीय आयोगाने कॉपीराइट सुधारणेचा मसुदा मांडला आणि त्यातील कलम १३ वरून वादळ उठले. तोवरची रीत अशी : कुणी दुसऱ्याचे गाणे वा चित्र इंटरनेटवर चढवले, की मालकाने तक्रार करायची, मग संकेतस्थळाने ते काढायचे. नव्या कलमाने जबाबदारी आधीच संकेतस्थळावर टाकली. रोजचा एवढा प्रचंड मजकूर माणसे कशी तपासणार? म्हणजे यंत्राची चाळणी आली. यूट्यूबसारख्या धनाढ्यांकडे ती होतीच; मरण छोट्यांचे!

खरी मेख पुढेच आहे. दोन मजकूर सारखे आहेत, एवढेच यंत्राला कळते. उतारा चोरला, की त्याची चिरफाड करण्यासाठी उद्धृत केला, हे कळत नाही. विडंबन तर त्याच्या गावीही नसते. टीकाकार आणि चोर एकाच रांगेत, आणि तेही शब्द लोकांपुढे येण्याआधी. १९३६ साली लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाने बाबासाहेबांचे भाषण आधी वाचले, त्यातला मजकूर गाळायला सांगितले आणि शेवटी परिषदच रद्द केली. तेथे निदान माणसांशी पत्रव्यवहार तरी करता आला. यंत्राला पत्र कोण लिहिणार?

जर्मन विकिपीडियाने २१ मार्च २०१९ रोजी निषेधार्थ दिवसभर दारे बंद ठेवली. तरीही २६ मार्चला ३४८ विरुद्ध २७४ मतांनी कायदा संमत झाला. कलम १३ चे १७ झाले. मात्र अवतरण, टीका, विडंबन यांना त्यात संरक्षण मिळाले. पोलंडने आव्हान दिले. २०२२ मध्ये युरोपीय न्यायालयाने कलम राखले, पण वैध-अवैध मजकुरातला फरक न ओळखणारी चाळणी चालणार नाही, असेही बजावले. आरडाओरडा वाया गेला नाही तो असा.

आपल्याकडचे कलम ५२ ही कार्यकर्त्यांनी वाचावे. २०१२ च्या दुरुस्तीनुसार, मालकाची लेखी तक्रार आली की मजकूर २१ दिवस रोखायचा. तेवढ्यात न्यायालयाचा आदेश आला नाही, तर तो पुन्हा खुला करता येतो. पण निवडणुकीतले विडंबनगीत २१ दिवसांनी ऐकून काय करायचे?