जहाज आलं की भरणारं बेट

वानुआतूच्या दक्षिण टोकाला अनैत्यूम बेट आणि त्याच्या अगदी समोर इन्येउग नावाचा वाळूचा ठिपका. ऑस्ट्रेलियाहून येणाऱ्या क्रूझच्या पत्रकात त्याचं नाव ‘मिस्टरी आयलंड’. पायी फिरायला तासभर पुरतो. इथं वस्ती नाही. रात्री भुतांचा वावर असतो, अशी अनैत्यूमवासीयांची समजूत.

जहाज खोल पाण्यातच थांबतं, प्रवासी छोट्या बोटींतून धक्क्याला लागतात. त्याआधीच अनैत्यूमचे लोक होड्या हाकत येऊन शहाळी, शेवंड, रंगीत कापडं असा बाजार मांडून बसलेले असतात. कुणी वेण्या घालून देतं, कुणी मालिश करतं. ऑस्ट्रेलियन डॉलर बिनदिक्कत चालतात. ‘नरभक्षकांच्या’ कढईत बसून फोटो काढायचीही सोय आहे. पाहुणे हसतात खरे, पण ही चेष्टा जरा बोचतेच.

झाडीतून गवताची धावपट्टी जाते, तीही दुसऱ्या महायुद्धातली. अनैत्यूमला जायचं तर विमान या निर्जन बेटावरच उतरतं, पुढे होडी.

शेवटची बोट जहाजाकडे सुटली की विक्रेतेही गाठोडी बांधून आपापल्या होड्या पाण्यात ढकलतात.