दार उघडले, तेव्हाच स्पर्धा राष्ट्रीय झाली

अमेरिकेची राष्ट्रीय टेनिस स्पर्धा १८८१ साली न्यूपोर्टच्या हिरवळीवर सुरू झाली. नावात ‘राष्ट्रीय’ असले, तरी प्रवेश फक्त राष्ट्रीय टेनिस संघटनेच्या सदस्य क्लबांतील खेळाडूंनाच होता. स्त्रियांची स्पर्धा १८८७ मध्ये फिलाडेल्फियात सुरू झाली. कृष्णवर्णीयांना मात्र दार बंदच राहिले. म्हणून त्यांनी १९१६ मध्ये अमेरिकन टेनिस असोसिएशन स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी स्वतःची राष्ट्रीय स्पर्धा भरवली. एकाच देशाला दोन राष्ट्रीय स्पर्धा लागाव्यात, हाच पहिलीच्या अपुरेपणाचा पुरावा आहे.

निवड गुणांवरच होत होती, असे कोणी म्हणेल. पण ज्या स्पर्धांत गुण सिद्ध करायचे, त्या खासगी क्लबांत होत आणि तिथे आमंत्रणाशिवाय खेळता येत नसे. माजी विजेती अ‍ॅलिस मार्बल हिने १९५० मध्ये हा अन्याय जाहीरपणे मांडला. त्याच वर्षी कृष्णवर्णीय खेळाडू अल्थिया गिब्सनला फॉरेस्ट हिल्सवर, म्हणजे तेव्हा ही स्पर्धा जिथे भरत होती तिथे, प्रवेश मिळाला आणि १९५७ व १९५८ मध्ये तिने विजेतेपद पटकावले. १९६८ मध्ये व्यावसायिकांना दार उघडले, तेव्हा पैशाने खेळ बिघडेल अशी भीती व्यक्त झाली. पण तोवरची हौशीपणाची अट सुखवस्तूंनाच परवडणारी होती. त्या वर्षीचा विजेता आर्थर अ‍ॅश हौशी असल्याने त्याला रोख बक्षीस घेता आले नाही आणि १४,००० डॉलरचे बक्षीस उपविजेत्या टॉम ओकरला मिळाले. १९७३ मध्ये स्त्री-पुरुषांची बक्षिसे समान झाली. प्रत्येक वेळी दार रुंदावले, तसा स्पर्धेचा दर्जा वाढला. राष्ट्रीयत्व नावाने येत नाही, ते प्रवेशाच्या नियमांत दिसावे लागते.