औरंगाबादची ४,४९२ मते : एका निकालाचा हिशेब

हैदराबादच्या मराठी घरांत औरंगाबादची निवडणूक ही कधीच परगावची निवडणूक नसते. कोणाची आत्या उस्मानपुऱ्यात, कोणाचे साडू सिडकोत, कोणाची शेती अजून वैजापूरकडे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत तर आपण एकाच राज्यात होतो. त्या दिवशी औरंगाबाद, परभणी, बीड, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आपण काचीगुडा, सुलतान बाजार, कुतबीगुड्यात राहिलो. मनमाडची गाडी मात्र काचीगुड्याहूनच सुटत राहिली.

म्हणून २३ मे २०१९ चा लोकसभेचा निकाल आपल्या मंडळींना जरा जास्तच लागला. सलग चार वेळा निवडून आलेले शिवसेनेचे खासदार चंद्रकांत खैरे ४,४९२ मतांनी पडले. जिंकले इम्तियाज जलील; आणि त्यांचा पक्ष कोणता, तर चारमिनारच्या सावलीत वाढलेली आपल्याच गावची मजलिस. त्या दिवशी इथल्या मुस्लिम शेजाऱ्यांनी आमच्यापैकी काहींना मिठाई दिली, ‘आपके इलाके की सीट है’ म्हणून. तिकडून फोन आले ते मात्र वेगळ्या सुरात. एका घरात भाच्याने ट्रॅक्टरला मत दिल्याचे कळले आणि मामा-भाच्याचे बोलणे दिवाळीपर्यंत बंद होते. ‘तुमच्यामुळे गेली’ हे वाक्य अजूनही मंडळाच्या कोजागरीला ऐकू येते. मंडळातल्या तरुणांनी आम्हाला विचारले की नक्की कोणामुळे गेली, ते एकदा आकडे मांडून सांगा. आम्ही पडलो बँकेतले. राजकारण आम्हाला बेताचेच कळते, पण बेरीज-वजाबाकी कळते.

एक खुलासा आधी. शहराचे नाव २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले. लोकसभा मतदारसंघाचे नाव निवडणूक आयोगाच्या यादीत २०२४ लाही औरंगाबादच होते, म्हणून इथे तेच वापरले आहे.

हा मतदारसंघ म्हणजे संपूर्ण जिल्हा नव्हे. यात सहा विधानसभा मतदारसंघ येतात: औरंगाबाद मध्य, पूर्व आणि पश्चिम हे शहराचे तीन, आणि कन्नड, गंगापूर, वैजापूर हे तीन बाहेरचे. पैठण, सिल्लोड, फुलंब्री जालन्यात जातात. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण निम्मा मतदारसंघ शहराचा आणि निम्मा शेतीवाडीचा आहे, आणि दोन्हीकडची दुखणी वेगळी.

खैरे १९९० पासून आधी आमदार, मग मंत्री, आणि १९९९ पासून खासदार; म्हणजे सलग २९ वर्षे निवडून आलेला माणूस. १९९९ ला त्यांनी अ. र. अंतुले यांच्यासारख्या माजी मुख्यमंत्र्याला हरवले. २००९ ला सुमारे ३३ हजारांनी काँग्रेसचे उत्तमसिंह पवार यांना. २०१४ ला त्यांना ५,२०,९०२ मते होती आणि मताधिक्य १ लाख ६२ हजार. पाच वर्षांनी आकडे असे आले: जलील ३,८९,०४२; खैरे ३,८४,५५०; अपक्ष हर्षवर्धन जाधव २,८३,७९८; काँग्रेसचे सुभाष झांबड सुमारे ९२ हजार. बाकीची मते इतर उमेदवारांत विखुरली. एकूण मतदान बारा लाखांच्या आसपास.

आता हे आकडे नीट वाचू. विजेत्याला शंभरात जेमतेम साडेबत्तीस मते पडली. म्हणजे मतदान करणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांश लोकांनी दुसऱ्या कोणाला तरी मत दिले होते. यात गैर काही नाही. आपल्याकडे निम्म्यापेक्षा जास्त मते लागतात असा नियमच नाही. इतरांपेक्षा एक जास्त असली की पुरे. आणि बरोबरी झाली तर कायद्याने चिठ्ठी टाकतात. खैरे यांचाही वाटा जवळजवळ तेवढाच होता, बत्तीसच्या वर. दोघांतला फरक हजारी चारसुद्धा नाही.

मतदान केंद्रे सुमारे दोन हजार होती. ४,४९२ ला दोन हजारांनी भागले की केंद्रामागे दोन मतांहून थोडा जास्त फरक येतो. आणि एका बाजूचा मतदार दुसरीकडे गेला की फरक दोनाने बदलतो, हे धरले तर २,२४७ माणसांनी बटण बदलले असते तर निकाल उलटा लागला असता. एका केंद्रावर एखादे कुटुंब लग्नाला परगावी गेले, एवढ्याने हे होऊ शकते. एप्रिलच्या २३ तारखेला मतदान होते, लग्नसराई आणि उन्हाळा दोन्ही जोरात.

इतका कमी फरक असला की मोजणीवर शंका येतेच, म्हणून तेही सांगून टाकू. आमच्यापैकी बऱ्याच जणांनी बँकेत असताना निवडणुकीची ड्यूटी केली आहे. मतदान संपले की केंद्राध्यक्ष १७-सी नावाच्या फॉर्मवर एकूण मतांचा आकडा लिहितो, उमेदवारांच्या प्रतिनिधींना प्रत देतो. मोजणीच्या दिवशी यंत्रातला आकडा त्याच्याशी ताडून बघतात. आमच्या रोजच्या कॅश जुळवण्यासारखाच प्रकार. प्रत्येक विधानसभा मतदारसंघासाठी साधारण चौदा टेबले, एका फेरीत चौदा यंत्रे. एका मतदारसंघात तीनशेहून अधिक केंद्रे असली की वीस-पंचवीस फेऱ्या होतात. कोणत्या फेरीत कोणता भाग उघडतो यावर आघाडी वर-खाली होते. टीव्हीपुढे बसलेल्याला वाटते मते फिरली. मते महिनाभर आधीच पडलेली असतात. २०१९ पासून प्रत्येक विधानसभा मतदारसंघातल्या पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्याही मोजतात. ज्याला हे मान्य नाही त्याने पंचेचाळीस दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका करायची. मोजणीचा प्रश्न आम्ही इथेच सोडतो.

खरा प्रश्न जाधवांच्या २,८३,७९८ मतांचा. औरंगाबादच्या निवडणुकीत वर्षानुवर्षे एकच घोषणा चालत आली: खान हवा की बाण. ऐकायला कशीही वाटली तरी हिशेबाच्या दृष्टीने ती सोयीची होती, कारण वहीत दोनच रकाने राहत. २०१९ ला ट्रॅक्टर हे चिन्ह घेऊन तिसरा रकाना उघडला आणि तो भरलाही.

हर्षवर्धन जाधव कन्नडचे आमदार होते, आधी मनसेचे, मग शिवसेनेचे. जुलै २०१८ मध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलनात गंगापूर तालुक्यातल्या कायगाव टोका इथे एका तरुणाने गोदावरीत उडी घेतली आणि त्याचा मृत्यू झाला. त्यानंतर जाधव यांनी आमदारकीचा राजीनामा दिला. कायगाव टोका याच लोकसभा मतदारसंघात येते हे इथे बसून चटकन लक्षात येत नाही. वर्षानुवर्षे धनुष्यबाणाला मत देणाऱ्या गावांतली तरुण मुले रागावलेली होती आणि त्यांना हक्काचा माणूस मिळाला. जाधव हे भाजपचे तेव्हाचे प्रदेशाध्यक्ष रावसाहेब दानवे यांचे जावई, म्हणून खैरे यांनी दानवे यांच्यावर जाहीर ठपका ठेवला. आम्हाला ती तक्रार पटत नाही. सासऱ्याच्या शब्दावर पावणेतीन लाखांहून जास्त लोक मत देत नसतात.

आता ‘जाधव नसते तर’ हा सगळ्यांचा आवडता हिशेब. लोक ती सगळी मते उचलून खैरे यांच्या खात्यात टाकतात. तसे होत नाही. त्यांतले काही घरी बसले असते, काही काँग्रेसकडे गेले असते, काही जलील यांच्याकडेही. पण एवढे मात्र खरे, की सगळ्यांनी खैरे-जलील यांच्यातच निवड केली असती आणि प्रमाण फक्त ५१ ला ४९ असते, तरी खैरे यांना ५,६७६ मतांचा फायदा झाला असता आणि ते निवडून आले असते. तेव्हा जाधवांच्या उमेदवारीने निकाल ठरला हे म्हणणे चूक नाही. ते अपुरे आहे.

अपुरे अशासाठी, की तोच हिशेब उलटाही मांडता येतो. काँग्रेसच्या ९२ हजारांतला थोडा भाग जलील यांच्याकडे वळला असता तर मताधिक्य कितीतरी वाढले असते. प्रकाश आंबेडकरांच्या वंचित बहुजन आघाडीशी मजलिसची युती नसती, तर जलील स्पर्धेतच राहिले नसते असे आमचे मत आहे. नुसत्या एका समाजाच्या मतांवर ३,८९,०४२ चा आकडा गाठता येत नाही. आणि २००९ ला वेरूळच्या मठाचे शांतिगिरी महाराज अपक्ष उभे राहून जवळजवळ दीड लाख मते घेऊन गेले होते, तरी खैरे जिंकले होते. तिसरा रकाना एकटा कोणाला पाडत नाही. त्यासाठी तुमची स्वतःची शिल्लकही आटलेली असावी लागते.

ती आटली होती. शहराला जायकवाडीचे पाणी, तेही काही दिवसांआड. समांतर जलवाहिनी वर्षानुवर्षे कागदावरून पुढे सरकेना. २०१८ च्या सुरुवातीला नारेगावच्या लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या आणि शहर महिनोन्महिने कचऱ्यात बसले. त्याच मे महिन्यात दंगल झाली. पाणी आणि कचरा खरे तर महापालिकेचे विषय, खासदाराचे नव्हेत. पण महापालिकेत सत्ता कोणाची होती हे लोकांना माहीत होते. खैरे यांची मते २०१४ च्या तुलनेत १,३६,३५२ ने घटली. याच दिवशी राज्यात युतीला ४८ पैकी ४१ जागा मिळाल्या, आणि तरी रायगडला अनंत गीते, शिरूरला शिवाजीराव आढळराव पाटील, अमरावतीला आनंदराव अडसूळ हे सेनेचे जुने खासदार पडले. खैरे त्या यादीतले चौथे. लाट अनुकूल असताना इतके जुने लोक पडतात, तेव्हा लोक पक्षापेक्षा माणसाला कंटाळले असावेत, असे आम्हाला वाटते.

हैदराबादकरांनी हे पाहिले आहे. चांद्रायणगुट्ट्यात अमानुल्ला खान १९७८ पासून पाच वेळा आमदार झाले; मजलिसमधून फुटून त्यांनी एमबीटी काढली, १९९४ ला तरीही जिंकले, आणि १९९९ ला अकबरुद्दीन ओवेसी यांच्याकडून हरले. २०२३ ला याकुतपुऱ्यात मजलिस एमबीटीपुढे अवघ्या ८७८ मतांनी वाचली. तेव्हा ‘तो समाज एकगठ्ठा मत देतो’ असे आपल्याकडे जे सहज बोलले जाते, ते निदान जुन्या शहरात राहणाऱ्यांनी तरी बोलू नये.

‘मराठवाडा हातचा गेला’ असे तेव्हा तिकडून आलेल्या फोनवर ऐकले होते. इथल्या काही मंडळींना थेट रझाकार आठवले. ज्यांच्या घरांनी ते दिवस सोसले, त्यांच्या भीतीची आम्ही थट्टा करणार नाही. पण अवघ्या पाच महिन्यांनी, ऑक्टोबर २०१९ मध्ये विधानसभेचा निकाल लागला, तेव्हा याच सहाच्या सहा मतदारसंघांत शिवसेना-भाजपचे उमेदवार निवडून आले. वंचित आणि मजलिसची युती सप्टेंबरमध्येच तुटली होती. जलील स्वतः २०१४ ला ज्या औरंगाबाद मध्यमधून आमदार झाले होते, तीही जागा सेनेच्या प्रदीप जैस्वाल यांनी परत घेतली. कन्नडला जाधव हरले. मे ते ऑक्टोबर या काळात औरंगाबादची माणसे बदलली नव्हती. रकाने बदलले होते.

२०२४ ला तर गंमतच झाली. शिवसेनाच दोन झाल्या आणि दोन्हींचे उमेदवार समोरासमोर आले: शिंदे गटाकडून पैठणचे संदीपान भुमरे, ठाकरे गटाकडून खैरे. मते फुटणार आणि जलील पुन्हा येणार, असे आपल्या मंडळातल्या जाणकारांचे भाकीत होते. भुमरे ४,७६,१३० मते घेऊन जिंकले. जलील यांना ३,४१,४८० आणि खैरे यांना २,९३,४५० मिळाली. मते फुटलीच, पण मोठा तुकडा जलील यांच्या मतांपेक्षा मोठा राहिला. शिवाय यावेळी वंचितने जलील यांच्याविरुद्ध स्वतःचा उमेदवार दिला होता.

त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये जलील औरंगाबाद पूर्वमधून विधानसभेला उभे राहिले. तिथे काँग्रेस, वंचित आणि समाजवादी पक्ष, तिघांचेही वेगळे उमेदवार होते. भाजपचे अतुल सावे निवडून आले, २,१६१ मतांनी. ‘अमुक उभा नसता तर’ हा हिशेब आता जलील यांचे कार्यकर्ते मांडतात.