चार सामन्यांवरून प्रशिक्षक कळतो का?

फुटबॉल संघाला नवा प्रशिक्षक मिळाला आणि पहिलेच सामने हातचे गेले, की 'बदला त्याला' ही ओरड सुरू होते. 2018 मध्ये मुंबई सिटीचे नवे पोर्तुगीज प्रशिक्षक जॉर्ज कोस्टा यांच्या बाबतीतही तसंच म्हणता आलं असतं. इंडियन सुपर लीगच्या पहिल्या चार सामन्यांत एक विजय, एक बरोबरी, दोन पराभव; त्यातला एक गोव्याकडून 0-5 असा. चार सामन्यांत गुण चारच.

पण हे आकडे नीट वाचायला हवेत. आठपैकी पाच गोल एकाच संध्याकाळी बसले होते, तेही पुढे अंतिम फेरी गाठणाऱ्या संघाकडून. उरलेल्या तीन सामन्यांत मुंबईवर तीनच गोल झाले. म्हणजे बचाव रोज कोसळत नव्हता. नवी पद्धत अंगवळणी पडायला वेळ लागतो, तो वेगळाच.

कोस्टा टिकले. उरलेल्या 14 सामन्यांत संघाने 26 गुण मिळवले आणि 30 गुणांसह उपांत्य फेरी गाठली. तिथे पुन्हा गोवाच समोर आला आणि मुंबईत 5-1 ने जिंकला. परतीचा सामना मुंबईने 1-0 ने जिंकला, पण तोवर उशीर झाला होता. म्हणजे ऑक्टोबरमधली ती शंका अगदीच खोटी नव्हती. फक्त ती एकाच प्रतिस्पर्ध्यापुरती होती.