हिमउतारावर सोबती निवडताना

गुलमर्गच्या गोंडोलाचा दुसरा टप्पा अफरवतच्या माथ्यालगत, ३,९०० मीटरहून अधिक उंचीवर पोहोचतो. तेथून गस्तीच्या उतारांची हद्द ओलांडली की स्कीइंग वा स्नोबोर्डिंग करणाऱ्याची सुरक्षितता मुख्यत्वे त्याच्या सोबत्यांच्या हाती जाते. अफरवतच्या उतारावर फेब्रुवारी २०२३ मध्ये झालेल्या हिमस्खलनात पोलंडचे दोन स्कीपटू मृत्युमुखी पडले. पुढच्याच वर्षी, त्याच महिन्यात, गुलमर्ग परिसरात एका रशियन स्कीपटूचा बळी गेला.

हिमस्खलनात गाडल्या गेलेल्या व्यक्तीच्या जगण्याची शक्यता पहिल्या १० ते १५ मिनिटांनंतर झपाट्याने घटते. तेवढ्या वेळात बाहेरचे बचाव पथक क्वचितच पोहोचते. गाडल्या गेलेल्या माणसाला स्वतःच्या पाठपिशवीतील फावड्याचा उपयोग नसतो; कामी येते ते सोबत्याचे. म्हणून ट्रान्सीव्हर, बर्फात खुपसून शोध घेण्याची लांब काठी आणि फावडे सोबत्याकडे आहे का, याबरोबरच त्याने या हंगामात त्यांचा सराव केला आहे का, हेही विचारले पाहिजे. हा प्रश्न उद्धट मानणाऱ्याला टाळलेलेच बरे.

उत्तम स्कीपटू हा उत्तम सोबती असतोच असे नाही. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात, टनेल क्रीक येथे, फेब्रुवारी २०१२ मध्ये १६ जणांच्या गटातील तिघांचा हिमस्खलनात मृत्यू झाला. गटात नामवंत, अनुभवी माणसे होती. गट फार मोठा असल्याची शंका काहींच्या मनात आली होती. पण इतक्या जाणकारांपुढे ती बोलून दाखवली गेली नाही. ज्याच्यासमोर ‘मला हा उतार ठीक वाटत नाही’ असे गटातील सर्वांत नवखा माणूसही म्हणू शकतो, तोच सोबती निवडावा. तीन-चार जणांच्या गटात हे सोपे जाते. दोघेच असले, तर एक गाडला गेल्यावर खणायला एकच उरतो.

दमश्वास आणि हेतूही जुळावे लागतात. एकाला छायाचित्रे हवीत, दुसऱ्याला शिखर, तर वाद बहुधा दुपारी, थकव्याच्या वेळी उफाळतो. स्नोबोर्डवाल्याकडे चढाईसाठी स्प्लिटबोर्ड किंवा हिमपादुका नसतील, तर सपाट टापूत सारा गट खोळंबतो.

काश्मीरमध्ये स्थानिक वाटाड्या घेणे शहाणपणाचे, कारण त्या हंगामातील बर्फाचे थर त्याने पाहिलेले असतात. नव्या सोबत्याबरोबरची पहिली सहल मात्र सोप्या उतारावर, अर्ध्या दिवसाची असावी. ठरलेल्या वेळी परत फिरण्यास तो तयार होतो की नाही, हे तेथेच कळते.