खिडकीबाहेरचा खोकला

दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकी तपासून घ्या, हे वाक्य सरकारी दवाखान्यांच्या भिंतींवर वर्षानुवर्षं रंगवलेलं आहे. ते बरोबरच आहे. जगातल्या टीबीच्या रुग्णांपैकी जवळपास चौथा हिस्सा भारतात असताना डॉक्टरच्या मनात पहिल्यांदा टीबीच यायला हवा. अडचण पुढे सुरू होते. थुंकीत जंतू सापडत नाहीत, पण एक्स-रेवर दोन्ही बाजूंना काहीतरी पुसट दिसतं, वजन उतरलेलं असतं, संध्याकाळी अंग कोमट लागतं. मग 'देऊन बघू' म्हणून एकेटी (टीबीची औषधं) सुरू होते. दोनेक महिन्यांत फरक पडला नाही की निदान दम्याकडे सरकतं आणि हातात पंप येतो. पंपानेही फारसं काही होत नाही. तोवर पेशंटला जिना चढताना मधल्या वळणावर थांबायची सवय लागलेली असते आणि घरचे म्हणत असतात, वय झालं, जरा चालणं वाढवा.

या सगळ्यात एक प्रश्न बहुतेक वेळा राहूनच जातो: तुमच्या खिडकीत कबुतरं बसतात का?

हायपरसेन्सिटिव्हिटी न्युमोनायटिस असं लांबलचक नाव असलेला हा आजार आहे. छातीचे डॉक्टर आपसात 'एचपी' म्हणतात. न्युमोनायटिस म्हणजे फुप्फुसाचा दाह, पण इथे जंतुसंसर्ग नसतो. श्वासावाटे रोज थोडी थोडी आत जाणारी सेंद्रिय धूळ, म्हणजे पक्ष्यांच्या पिसांवरची भुकटी, वाळलेली विष्ठा, बुरशीचे बीजाणू, ही काही जणांच्या प्रतिकारशक्तीला खपत नाही. पाच मायक्रॉनपेक्षा बारीक कण थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात, तिथे पांढऱ्या पेशी गोळा होतात, बारीक बारीक गाठी धरतात. धूळ थांबली तर हा दाह ओसरू शकतो. ती महिनोन् महिने चालू राहिली तर दाहाच्या जागी व्रण तयार होतात. डॉक्टर त्याला फायब्रोसिस म्हणतात. ताठरलेलं फुप्फुस पुन्हा मऊ होत नाही.

आजार नवा नाही. इटलीतल्या बर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्याने अठराव्या शतकाच्या सुरुवातीलाच धान्य चाळणाऱ्यांच्या खोकल्याबद्दल लिहून ठेवलं होतं. १९३२ मध्ये इंग्लंडमधल्या एका डॉक्टरने ओल धरलेलं गवत हाताळणाऱ्या शेतमजुरांचं दुखणं नोंदवलं आणि त्याला पुढे 'शेतकऱ्याचं फुप्फुस' हे नाव पडलं. लंडनच्या जॅक पेपिस यांनी १९६० च्या दशकात गंजीतल्या उष्णतेत वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांकडे बोट दाखवलं. १९६५ मध्ये अमेरिकेत चार्ल्स रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कबुतरं पाळणाऱ्यांमधला असाच आजार मांडला. उसाच्या जुन्या, बुरशी धरलेल्या चिपाडांपासून होणाऱ्या प्रकाराला बगॅसोसिस म्हणतात. साखर कारखान्यांच्या या राज्यात तो शब्द इतका अनोळखी असावा, याचं मला नेहमी नवल वाटतं. जपानमध्ये जुन्या लाकडी घरांतल्या बुरशीमुळे उन्हाळ्यापुरता उसळणारा प्रकार आहे. जिथे जशी धूळ, तिथे तसा आजार.

मग तो ओळखू का येत नाही? एक कारण असं की अ‍ॅलर्जी म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर शिंका, पित्ताच्या गांधी, कोळंबी खाल्ल्यावर सुजलेले ओठ येतात. ती अ‍ॅलर्जी आयजीई नावाच्या प्रतिपिंडामुळे होते आणि मिनिटांत दिसते. एचपीची वाट वेगळी. तिथे आयजीजी प्रतिपिंडं आणि टी-पेशी काम करतात, आणि सावकाश करतात. त्यामुळे हातावर टोचून करायची अ‍ॅलर्जीची चाचणी इथे उपयोगाची नाही. रक्तातलं आयजीई आणि इओसिनोफिल साधारणतः वाढलेले नसतात. पेशंट हजारो रुपये खर्चून अ‍ॅलर्जीचं पॅनेल करून येतो, रिपोर्ट 'नॉर्मल' असतो आणि अ‍ॅलर्जी नाही असा सगळ्यांचा समज होतो.

दुसरं कारण वेळेचं. आजाराच्या तीव्र प्रकारात धूळ छातीत गेल्यावर साधारण चार ते आठ तासांनी थंडी वाजून ताप येतो, अंग दुखतं, कोरडा खोकला लागतो. सकाळी गॅलरी झाडली आणि संध्याकाळी ताप आला, तर या दोन गोष्टींची सांगड कोण घालणार? मुंबईत पावसाळ्याच्या दिवसांत असा ताप मलेरियाच्या खात्यावर जमा होतो. एक-दोन दिवसांत तो आपोआप उतरतो, आणि त्या दरम्यान घेतलेल्या अँटिबायोटिकला श्रेय मिळतं. सावकाश वाढणाऱ्या प्रकारात तर तापही नसतो. फक्त कोरडा खोकला आणि दम.

तिसरं कारण मात्र आपल्या घरातलं आहे. कबुतरं तुम्ही पाळता का, असं विचारलं की पेशंट खरं तेच सांगतो: नाही. पाळलेली नसतातच. ती एसीच्या बाहेरच्या युनिटमागे, बाथरूमच्या डक्टमध्ये, माळ्याच्या खिडकीत राहत असतात. युनिटच्या वरच्या पत्र्यावर करड्या-पांढऱ्या विष्ठेचा थर सुकून पापुद्रे सुटलेले असतात, खाली चार काड्यांचं घरटं, त्यात पिसं. पंखा सुरू झाला की ही भुकटी उडते आणि शेजारच्या झडपेतून आत येते. त्या खोलीत झोपणाऱ्या माणसाला विचारलं तर तो म्हणेल, आमच्याकडे कुठलाही प्राणी-पक्षी नाही.

विदर्भ-मराठवाड्यात विचारायचा प्रश्न कूलरचा. भारतातल्या १९ शहरांतल्या २७ केंद्रांनी मिळून फुप्फुसाच्या अशा, 'आयएलडी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, आजारांची नोंदवही केली, तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. १,०८४ रुग्णांपैकी ४७.३ टक्क्यांना एचपी निघाला, आणि त्यातल्या जवळपास निम्म्यांच्या इतिहासात एअर कूलर होता. पाण्याने सतत ओलं असलेलं गवत, टाकीतलं शेवाळलेलं पाणी आणि मागून पंखा. बुरशीला याहून चांगली सोय ती काय? मोसम संपला की कूलर कोपऱ्यात जातो, आणि मार्चमध्ये त्याच जुन्या गवतावर पाणी सोडून सुरू होतो. अर्थात ही आकडेवारी डोळे मिटून घेण्यासारखी नाही. चंडीगडच्या पीजीआय रुग्णालयातल्या मोठ्या रुग्णमालिकेत पहिला क्रमांक सारकॉइडोसिस या दुसऱ्याच आजाराचा होता आणि एचपीचं प्रमाण यापेक्षा पुष्कळच कमी. कोणत्या केंद्रात कसले रुग्ण येतात आणि डॉक्टर घराबद्दल किती खोदून विचारतात, यावर उत्तर बदलतं. पण कूलरचा प्रश्न विचारायला हवा, हे या नोंदवहीने पक्कं केलं.

आता तपासण्यांबद्दल. सुरुवात स्टेथोस्कोपनेच होते. पाठीवर, खालच्या बाजूला, श्वास आत घेताना बुटाची वेल्क्रोची पट्टी ओढून काढल्यासारखा बारीक चरचराट ऐकू येतो. असे आवाज फुप्फुस ताठरलेल्या इतर आजारांतही येतात. एचपीत त्यासोबत कधी कधी मध्येच एक बारीकशी शीळ वाजते. एक्स-रे अगदी स्वच्छ असू शकतो, म्हणून तेवढ्यावर थांबता येत नाही. लागतो तो हाय-रिझोल्युशन सीटी, आणि त्यातही श्वास पूर्ण बाहेर सोडून घेतलेल्या प्रतिमा हव्यात. फुप्फुसाच्या काही भागांत हवा अडकून राहिलेली असेल तर ती त्याच प्रतिमांत दिसते, आणि ती एचपीकडे बोट दाखवणारी मोठी खूण आहे. गर्दीच्या सेंटरवर नेमक्या याच प्रतिमा गाळल्या जातात. डॉक्टरांनी चिठ्ठीवर तसं लिहून दिलं आहे ना, हे पेशंटने विचारायला हरकत नाही.

फुप्फुसाची क्षमता फुंकून मोजतात. सोबत रक्तात वायू किती सहज मिसळतो हे पाहणारी 'डीएलसीओ' नावाची चाचणी असते. मला स्वतःला सगळ्यात बोलकी वाटते ती सहा मिनिटं चालण्याची चाचणी. दवाखान्याचा एखादा लांब कॉरिडॉर, दोन टोकांना दोन खुणा, बोटाला ऑक्सिमीटर, हातात स्टॉपवॉच घेतलेली टेक्निशियन. पेशंट येरझाऱ्या घालतो. बसल्या जागी ९६ दाखवणारा आकडा तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला ८६ वर आलेला असतो. कोविडनंतर घरोघरी ऑक्सिमीटर आले, पण आपण ते खुर्चीत बसूनच लावतो आणि सगळं ठीक आहे म्हणून ठेवून देतो.

कबुतराच्या किंवा बुरशीच्या विरोधातली आयजीजी प्रतिपिंडं रक्तात मोजता येतात. पण त्या रिपोर्टवर फार भिस्त ठेवू नये. प्रतिपिंडं सापडली म्हणजे संपर्क आला होता, एवढंच ठरतं. कबुतरं पाळणाऱ्या ठणठणीत माणसांतही ती असतात. गरज पडली तर दुर्बिणीतून फुप्फुस धुऊन त्या पाण्यातल्या लिम्फोसाइट पेशी मोजतात, क्वचित तुकडा काढतात. २०२० च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी आजाराचे दोन गट केले: व्रण धरलेला आणि न धरलेला. निदान एकट्यादुकट्याने करू नये, छातीचा डॉक्टर, रेडिओलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्ट यांनी एकत्र बसून करावं, असंही त्यात आहे. मोठ्या रुग्णालयांतल्या 'आयएलडी क्लिनिक'मध्ये हे होऊ शकतं. गल्लीतल्या दवाखान्यात ते शक्य नाही, आणि तशी अपेक्षाही करू नये. तिथल्या डॉक्टरने वेळेत पुढे पाठवलं तरी पुष्कळ झालं.

एवढी उठाठेव कशाला, फुप्फुस ताठरलंच आहे तर नाव काहीही द्या, असं कोणी म्हणेल. तर बार्सिलोनातला एक अभ्यास सांगण्यासारखा आहे. २०१३ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी 'आयपीएफ', म्हणजे कारण न सापडलेला फायब्रोसिस, असं निदान झालेल्या ४६ रुग्णांची पुन्हा कसून चौकशी केली. त्यातल्या २० जणांना प्रत्यक्षात जुनाट एचपी होता, आणि बहुतेकांच्या बाबतीत संशय गेला तो पिसं भरलेल्या रजया-उशांवर. रोज रात्री आठ तास नाकाशी! हा फरक कागदावरचा नाही. एचपीत स्टेरॉइडचा उपयोग होऊ शकतो. आयपीएफमध्ये प्रेडनिसोन हे स्टेरॉइड, सोबत अझाथायोप्रिन आणि आणखी एक औषध दिल्यावर मृत्यू वाढले, असं अमेरिकेतल्या चाचणीत दिसलं आणि ते उपचार मध्येच थांबवावे लागले.

उपचारांत पहिली गोष्ट औषध नाहीच. कारण शोधून त्यापासून दूर जाणं. बोलायला सोपं. घरातला पक्षी हलवल्यानंतरही त्याचे प्रतिजन, म्हणजे आजार चेतवणारे कण, घरात दीड वर्षापर्यंत सापडल्याची नोंद आहे, त्यामुळे जाळी बसवून भागत नाही. गाद्या, पडदे, एसीच्या जाळ्या, माळा सगळं साफ करावं लागतं. भाड्याचं घर असेल तर ते बदलता येतं. वीस वर्षांचं कर्ज काढून घेतलेलं असेल तर काय करायचं? आणि वरच्या मजल्यावरचे काका रोज सकाळी मूठभर ज्वारी टाकत असतील, तर आपल्या छातीचं दुखणं सोसायटीच्या मीटिंगमध्ये अजेंड्यावर आणावं लागतं. २०२५ च्या जुलैमध्ये मुंबईतले ५१ कबुतरखाने बंद करण्याची घोषणा विधान परिषदेत झाली, दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला, निदर्शनं झाली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. त्या गदारोळात दोन्ही बाजूंनी भरपूर अतिशयोक्ती झाली, असं माझं मत. कबुतरांच्या सहवासातल्या बहुसंख्य माणसांना हा आजार होत नाही, हे खरं आहे. ज्याला होतो त्याला भूतदयेचा हिशेब सांगून उपयोग नाही, हेही तितकंच खरं. आणि चौकातला कबुतरखाना बंद झाला तरी एसीमागचं घरटं जागच्या जागीच असतं.

औषधांत प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड आहे. आपल्याकडे ते सुरू करण्याआधी टीबी नक्की नाही ना, हे पाहणं भागच आहे. स्टेरॉइडने साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, चेहरा सुजतो. म्हणून कित्येक जण चार दिवस बरं वाटलं की मनानेच गोळी बंद करतात, तेही धोक्याचं. लांबलचक उपचारांत मायकोफेनोलेट किंवा अझाथायोप्रिन येतं. व्रण वाढतच चालले असतील तर निन्टेडॅनिब. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याने फुप्फुसाची क्षमता घटण्याचा वेग कमी केला. गेलेली क्षमता ते परत आणत नाही, आणि जुलाबांनी पेशंट बेजार होतो. जोडीला फ्लू आणि न्यूमोकोकसच्या लसी, श्वासाचे व्यायाम, लागेल तेव्हा ऑक्सिजन.

डॉक्टरकडे जाताना फाइलमध्ये रिपोर्टांसोबत मोबाइलवर घराचे फोटो न्या. झोपायच्या खोलीची खिडकी बाहेरच्या बाजूने, एसीचं युनिट, डक्ट, कूलरची आतली बाजू, ओल आलेली भिंत, उशी-रजईत काय भरलं आहे ते. कामाच्या जागेचेही. गावी पंधरा दिवस राहिल्यावर खोकला कमी झाला होता का आणि परत आल्यावर किती दिवसांत वाढला, हे आठवून लिहून ठेवा. अनेक रुग्णांत एवढं करूनही कारण सापडत नाही आणि तशा रुग्णांची वाटचाल जास्त अवघड असते, म्हणून ही चौकशी एकदा करून सोडायची नसते.

आणि शेवटी गॅलरीच्या साफसफाईबद्दल. सुकलेली विष्ठा खराट्याने कोरडी झाडू नका. आधी पाणी शिंपडून थर पूर्ण भिजू द्या, मग खरवडून पिशवीत भरून तोंड बांधा. नाकावर रुमाल चालत नाही, एन-९५ मास्क लावा. घरात आधीच खोकणारं, दम लागणारं कोणी असेल तर त्या दिवशी त्यांना बहिणीकडे, भावाकडे पाठवून द्या, आणि फरशी पुसून घर कोरडं झाल्यावरच बोलवा.